पैसे ३२०० चे, चाल २१३३ ची : घरच्या कॉम्प्युटरचा वेग एकदा तपासून घ्या

बारावीचा निकाल लागला की घरोघरी कॉम्प्युटर घ्यायची चर्चा सुरू होते. भंडारा, तुमसर, पवनीकडची बरीच मंडळी नागपूरला सीताबर्डीवर जाऊन सुटे भाग निवडतात आणि मशीन तिथेच जोडून घेतात. बिलावर लिहिलेलं असतं : रॅम १६ जीबी, डीडीआर४, ३२००. हा शेवटचा आकडा वेगाचा. त्याचे पैसे अब्बांच्या खिशातून गेले, पण मशीन त्या वेगाने चालतेच असं नाही.

तपासणं सोपं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे ‘स्पीड’समोर ३२०० दिसलं तर फिकीर नाही. २१३३, २४०० किंवा २६६६ दिसलं तर पुढचं वाचा. (सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये १६०० दिसेल. ते बरोबरच आहे. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा माल पाठवते, म्हणून १६०० चे ३२०० होतात. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.)

आपल्या जिल्ह्यात हे समजावायला राईस मिलपेक्षा चांगलं उदाहरण नाही. प्रोसेसर म्हणजे मिल, हार्डडिस्क म्हणजे गोदाम आणि रॅम म्हणजे मिलच्या तोंडाशी धान आणून टाकणारे मजूर. मजूर सुस्त असले तर मिल कितीही मोठी असो, मध्ये मध्ये रिकामीच फिरणार.

मग रॅम सुस्त का राहते? रॅमच्या पट्टीवर एक छोटी चिप असते आणि तिच्यात वेगाच्या नोंदी असतात. पहिली नोंद साधी, सुरक्षित, १.२ व्होल्टवर चालणारी. दुसरी जलद, बहुतेक वेळा १.३५ व्होल्टची. बोर्ड आपल्या मनाने पहिलीच निवडतो. दुसरी आपण चालू करायची. इंटेलने तिला एक्सएमपी नाव दिलंय. एएमडीच्या काही बोर्डांवर तीच सोय डीओसीपी नावाने दिसते, आणि नव्या डीडीआर५ रॅमसाठी एक्स्पो. काही पट्ट्या मुळातच ३२०० च्या असतात, त्यांना यातलं काही लागत नाही.

कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट बटण (काही बोर्डांवर एफ२) दाबत राहा, बायोस उघडेल. तिथे एक्सएमपीसमोर प्रोफाइल १ निवडा, एफ१० दाबून सेव्ह करा, बस्स. त्यानंतर स्क्रीन थोडा वेळ काळी राहिली तर सब्र ठेवा, बोर्ड नव्या वेगाची जुळवणी करत असतो. बराच वेळ काहीच आलं नाही तर प्लग काढून बोर्डावरचा गोल सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा. सगळं पूर्वीसारखं होईल.

यानंतरची पायरी मुलं हमखास टाळतात. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून रॅमची चाचणी घ्या. चूक दाखवली तर वेग २९३३ वर आणा आणि पुन्हा तपासा. रॅम चुकली की मशीन बंदच पडते असं नाही, गुपचूप फाइल बिघडवते. स्कॉलरशिपचे स्कॅन केलेले कागद अर्जाच्या शेवटच्या दिवशी उघडले नाहीत, तर वाढलेला वेग काय कामाचा?

बोर्डाचीही मर्यादा असते. एच४१० बोर्ड आणि दहाव्या पिढीचा आय३ किंवा आय५ असेल तर रॅम २६६६ च्या पुढे जात नाही. तिथे ३२०० च्या पट्टीला जास्त पैसे मोजू नका. आणि इनपेजमध्ये उर्दू टाइप करणं, एक्सेल, ऑनलाइन फॉर्म यांत फरक जाणवणारही नाही. फरक दिसतो तो वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना, उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जी असेल तर, कारण चित्रं काढायलाही तीच रॅम वापरली जाते. अशा मशीनला १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या.

आता प्रोसेसरचा वेग. बोर्डाचा मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ, त्याला ४४ ने गुणलं की ४.४ गिगाहर्ट्झ. हा गुणक वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. इंटेलमध्ये तो ‘के’ अक्षराच्या प्रोसेसरमध्येच खुला असतो. रायझनचा बहुधा खुला असतो, पण ए५२० बोर्ड वाढवू देत नाही. माझं मत विचाराल तर विदर्भात या भानगडीत पडूच नये. आय५-१२४०० हा प्रोसेसर कामाचा ताण पाहून २.५ वरून ४.४ पर्यंत स्वतःच चढतो. त्याचा पंखा खोलीतलीच हवा फेकतो, आणि मे महिन्यात आपल्या खोलीतली हवाच चाळीसच्या आसपास असते. शंभर अंशांना पोचला की इंटेलचा प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. म्हणजे वाढवलेलं सगळं गेलं, वर वीजबिल.

नवतपात उलट करा. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ करा. बहुतेक मशीनवर वरची चढाई थांबते आणि मशीन बरीच थंड राहते. पाऊस सुरू झाला की पुन्हा १००. आणि हो, मशीन कूलरच्या झोताला ठेवू नका. ती हवा ओली असते, पट्ट्यांचे सोनेरी पाय तिने खराब होतात.