डिजिटल कॅमकॉर्डरमधील चित्रणाचे संगणकावर हस्तांतरण

डिजिटल कॅमकॉर्डरमधील चित्रणाचे संगणकावर हस्तांतरण म्हणजे फितीवर किंवा मेमरी कार्डावर साठवलेले घरगुती चित्रण फाइलच्या स्वरूपात संगणकात उतरवून घेण्याची प्रक्रिया होय. लग्न, बारसे, मुंज, गणेशोत्सव अशा प्रसंगांचे बरेच घरगुती चित्रण मिनीडीव्ही कॅसेटवर झालेले आहे. या कॅसेट चालवणारे कॅमकॉर्डर आणि त्यांना लागणारी जोडणी दुर्मीळ होत चालल्याने हे हस्तांतरण वेळेत होणे महत्त्वाचे ठरते.

== पार्श्वभूमी ==
डीव्ही पद्धतीचे घरगुती कॅमकॉर्डर १९९५ मध्ये बाजारात आले. मिनीडीव्ही कॅसेटमधील फीत ६.३५ मिलिमीटर रुंद असते व नेहमीच्या कॅसेटवर ६० मिनिटांचे चित्रण मावते. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत चित्राचा आकार ७२० × ५७६ बिंदू आणि वेग सेकंदाला २५ चौकटी असतो. १९९९ मध्ये आलेल्या डिजिटल८ पद्धतीत हेच संकेत हाय८ कॅसेटवर नोंदवले जात. २००६ नंतर एव्हीसीएचडी पद्धतीमुळे फितीची जागा हार्ड डिस्क व मेमरी कार्डाने घेतली.

== जोडणी ==
डीव्ही कॅमकॉर्डर संगणकाला फायरवायर केबलने जोडतात. सोनी कंपनी या जोडणीला आय-लिंक म्हणते. कॅमकॉर्डरवर सहसा चार पिनांचे, तर संगणकावर चार, सहा किंवा नऊ पिनांचे पोर्ट असते. कॅमकॉर्डरवरील यूएसबी पोर्ट बहुधा स्थिरचित्रांसाठी किंवा कमी दर्जाच्या चित्रासाठीच उपयोगी पडते. फायरवायर आणि यूएसबी यांची कार्यपद्धती भिन्न असल्याने केवळ टोक बदलणारा स्वस्त अडॅप्टर चालत नाही. फायरवायर पोर्ट नसलेल्या डेस्कटॉप संगणकात त्यासाठीचे कार्ड बसवता येते.

पिवळ्या, लाल व पांढऱ्या टोकांच्या केबलनेही चित्रण उतरवता येते. मात्र त्यात डिजिटल संकेताचे ॲनालॉगमध्ये व पुन्हा डिजिटलमध्ये रूपांतर होऊन दर्जा घटतो, तसेच फितीवरील तारीख-वेळेची नोंदही फाइलमध्ये येत नाही. फायरवायरने मात्र फितीवरील विदा जशीच्या तशी उतरते.

== प्रक्रिया ==
कॅमकॉर्डर बॅटरीऐवजी विजेच्या अडॅप्टरवर चालवून 'प्ले' स्थितीत ठेवला जातो. केबल जोडताना दोन्ही उपकरणे बंद ठेवणे सुरक्षित असते, कारण सहा पिनांच्या पोर्टमधून वीजही वाहते. त्यानंतर विनडीव्ही, आयमूव्ही किंवा लिनक्सवरील डीव्हीग्रॅब यांसारख्या आज्ञावलीद्वारे चित्रण उतरवतात. फीत चालते त्याच वेगाने हस्तांतरण होत असल्याने एका तासाच्या कॅसेटला एक तास लागतो. संगणकावर त्याच वेळी इतर जड कामे चालू असल्यास काही चौकटी गळू शकतात.

'एलपी' वेगाने केलेले चित्रण अनेकदा ज्या कॅमकॉर्डरवर झाले, त्याच्यावरच नीट चालते. मेमरी कार्डाच्या कॅमकॉर्डरमध्ये लांब चित्रण अनेक फाइलींत विभागलेले असते, म्हणून सुट्या फाइली न उचलता संपूर्ण फोल्डर उतरवणे योग्य ठरते.

== साठवण ==
डीव्ही चित्रणाला तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. एफएटी३२ पद्धतीच्या डिस्कवर एका फाइलची मर्यादा ४ गिगाबाइट असल्याने तिच्यावर साधारण १८ मिनिटांनंतर फाइल तोडावी लागते. मूळ फाइल तशीच जपून पाहण्यासाठी वेगळी संकुचित प्रत करतात. किमान दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती ठेवणे आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असणे हिताचे असते.

== हवामानाचा परिणाम ==
पेण तालुक्यातील डोलवीसारख्या धरमतर खाडीलगतच्या गावांत पावसाळ्यात हवेतील दमटपणा मोठा असतो. अशा हवेत चुंबकीय फितीवर बुरशी धरू शकते आणि कॅमकॉर्डरच्या आत बाष्प साचल्यास यंत्र दवाची सूचना देऊन बंद पडते. अशा वेळी कॅसेट काढून यंत्र काही तास कोरडे होऊ द्यावे लागते. बुरशी आलेली फीत चालवल्यास कॅमकॉर्डरचे हेड खराब होऊन पुढच्या कॅसेटनाही इजा पोहोचते. म्हणून कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, उभ्या ठेवतात व हस्तांतरणासाठी कोरडा ऋतू निवडतात. चित्रण उतरवल्यावरही मूळ कॅसेट टाकून न देता जतन केल्या जातात.