दोन घागरींची गोष्ट
गोष्टींची वाट : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण श्रावणातल्या कहाण्यांपाशी थांबलो होतो. जिवतीच्या कहाणीत राणी सुईणीला हाताशी धरते, बाळंतिणीचं मूल पळवते आणि तिच्यापुढे वरवंटा ठेवते. आता बंगालमध्ये जाऊ. तिथल्या ‘अरुण-वरुण-किरणमाला’ या गोष्टीत राणीच्या मत्सरी बहिणी तिची तिन्ही मुलं एकेक करून नदीत सोडून देतात. राजाला दाखवतात ते कुत्र्याचं पिल्लू, मांजराचं पिल्लू आणि लाकडाची बाहुली. गाव बदललं, वरवंटा बदलला; कट मात्र तोच. आपल्या कहाण्यांत आवडती-नावडती, तशा तिकडे सुओरानी-दुओरानी.

ही गोष्ट छापली गेली १९०७ साली. दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांनी मैमनसिंगच्या खेड्यांत म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी ‘ठाकुरमार झुली’ या पुस्तकात आणल्या. ठाकुरमा म्हणजे वडिलांची आई. तेव्हा नावाचा अर्थ सरळ ‘आजीची झोळी’. काळ स्वदेशीचा होता आणि प्रस्तावना रवींद्रनाथांची. तेव्हापासून बंगाली घरात ही झोळी कधी रिकामी झाली नाही. पुढे दूरदर्शन संचाने तिच्यात हात घातला. २०१४ साली स्टार जलसावर ‘किरणमाला’ सुरू झाली, २०१७ मध्ये झी बांग्लावर ‘सात भाई चंपा’.

अर्ध्या तासात सांगून होणारी गोष्ट शेकडो भाग कशी पुरते? त्याच्या युक्त्या गोष्टीतच दडलेल्या आहेत. पहिली युक्ती नावांची. लोककथेतल्या माणसांना बहुधा नाव नसतं. एक राजा, एक राणी, एक म्हातारी. मालिका प्रत्येकाला नाव देते, माहेर देते, जुनं वैर देते, आणि प्रत्येक वैराचा आठवडा होतो. दुसरी युक्ती तीन-सातच्या आकड्याची. तीन भावंडं, सात भाऊ, सात समुद्र. आजी यातलं बरंचसं एका वाक्यात उरकते, मालिका प्रत्येक समुद्रात वेगळी उतरते. तिसरी सगळ्यात जुनी. राक्षसाचा जीव त्याच्या अंगात नसतो, तो तळ्याखालच्या डबीतल्या भुंग्यात असतो. बंगालीत ‘प्राणभोमरा’ हा शब्द आजही एखाद्या गोष्टीच्या जिवाभावाच्या मर्मासाठी वापरतात. जीव दूर लपवलेला असला की मरण हवं तितकं लांबवता येतं. रोजच्या मालिकेला याहून सोयीचा खलनायक कुठला?

या ताणाताणीत एक मोठा बदल होतो, आणि तो सहज नजरेतून सुटतो. मूळ गोष्टीत किरणमालाचे दोन्ही भाऊ मायापर्वतावर मागे वळून बघतात आणि दगड होतात. मग किरणमाला पुरुषवेष करून निघते. मागून हाका येतात, भीती दाखवली जाते, पण ती वळत नाही. तिचा पराक्रम एवढाच, आणि तो तलवारीचा नाही. पडद्यावरची किरणमाला मात्र राक्षसीशी भाग-भाग लढत राहते. न वळणं कॅमेऱ्याला दिसत नाही, तलवार दिसते.

आता आपल्या धारवाडकडे येऊ. ‘ठाकुरमार झुली’तल्याच ‘सात भाई चंपा’ या गोष्टीत उकिरड्यात पुरलेली मुलं फुलं होतात आणि आई खुडायला येते तेव्हाच खाली उतरतात. माणसाचं फूल होण्याची आपल्या मुलखातली गोष्ट म्हणजे फुलांचं झाड होणारी मुलगी. १९५०च्या दशकात बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या ए. के. रामानुजन यांनी उत्तर कर्नाटकातल्या बायकांकडून अशा गोष्टी गोळा केल्या. त्याच सुमारास धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात गणित शिकणारे गिरीश कार्नाड त्यांना भेटले. मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे सुभाष रोडवरच्या मनोहर ग्रंथमालेच्या ‘अट्टा’वरून, म्हणजे माळ्यावरून, कार्नाडांची नाटकं एकेक करून बाहेर पडली. ‘नागमंडल’ (१९८८) रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या दोन गोष्टींवर उभं आहे. संध्याकाळी स्वयंपाकघरात पोरांना भरवताना बायका सांगतात त्या जातीच्या या गोष्टी.

झाड होणाऱ्या मुलीची गोष्ट अशी. गरीब घरची मुलगी. तिच्यावर एक घागर पाणी ओतलं की ती झाड होते. फुलं वेचून दुसरी घागर ओतली की पुन्हा मुलगी. अट कडक. पाण्याला नख लागू द्यायचं नाही, फुलं वेचताना पालवी दुखवायची नाही. सासरी गेल्यावर नणंद हट्टाने तिला झाड करायला लावते, मैत्रिणींसह फांद्या ओरबाडते आणि दुसरी घागर कशीतरी ओतून निघून जाते. मुलगी हातापायांविना अर्धवट उरते. लोककथेत शेवटी नवरा मोडलेल्या फांद्या जागच्या जागी लावतो, जपून पाणी घालतो आणि ती पूर्ण होते.

कार्नाडांनी यावर १९९२ साली ‘चेलुवी’ हा हिंदी चित्रपट काढला. चेलुवी झाली सोनाली कुलकर्णी. पडद्यावरची तिची ही पहिलीच भूमिका. चित्रपटाला पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कार्नाडांनीही गोष्ट बदलली. त्यांच्याकडे जंगलच तुटत चाललं आहे, आणि त्यांची चेलुवी पुन्हा पूर्ण होत नाही.

म्हणजे बदल मालिकेनेही केला आणि कार्नाडांनीही, मग तक्रार कशाची? बदलाची तर नाहीच. प्रत्येक आजी गोष्ट बदलतच सांगते. विजयदान देथांची ‘दुविधा’ ही कथा मणी कौल यांनी १९७३ साली पडद्यावर एका तऱ्हेने सांगितली, अमोल पालेकरांनी २००५ मध्ये ‘पहेली’ म्हणून दुसऱ्या. मुद्दा दुसऱ्या घागरीचा आहे. पहिल्या घागरीने चमत्कार होतो, दुसरीने माणूस परत मिळतो. कार्नाड आपल्याला दुसऱ्या घागरीपाशी नेतात आणि ती का ओतता येत नाही ते दाखवतात. रोजची मालिका पहिलीच घागर पुन:पुन्हा ओतत राहते. झाड फुलतं, फुलं विकली जातात, मुलगी परत येतच नाही.

हुबळी-धारवाडकडच्या मराठी घरांत कन्नड आजी आणि मराठी आजी एकाच चुलीपाशी बसलेल्या असतात. तुमच्या घरी ही गोष्ट कोणत्या भाषेत सांगत, त्यात झाड चाफ्याचं होतं की आणखी कशाचं, आणि शेवटी मुलगी बरी होते की नाही, हे आठवून वहीत लिहून ठेवा. आजी असेल तर आजच विचारा. पुढच्या लेखांकात वारुळातल्या नागाची गोष्ट.