परमिट गेलं, पाकिटं आली

लंडनमध्ये घरासमोरच्या रस्त्यावर गाडी लावायची तर बऱ्याच भागांत कौन्सिलचं रहिवासी परमिट लागतं. हल्ली ते बहुधा काचेवर नसतं, गाडीच्या नंबरासमोर संगणकात नोंदलेलं असतं. त्यामुळे ते रद्द झाल्याचं गाडीकडे बघून कळत नाही. कळतं ते वायपरखाली दंडाचं पाकीट दिसल्यावर, आणि चार दिवस गाडी हललीच नसेल तर पाकिटंही तीन-चार.

घाईघाईत पैसे भरू नका. १४ दिवसांत भरल्यास दंड निम्मा होतो खरा, पण भरला की प्रकरण मिटलं. मग भांडता येत नाही. त्याच १४ दिवसांत लेखी हरकत घ्या. ती फेटाळली तरी कौन्सिल सहसा सवलत पुन्हा देऊ करते.

खरा मुद्दा एकच: परमिट रद्द केल्याचं तुम्हाला कळवलं होतं का? कधी, कोणत्या पत्त्यावर? ते पत्र किंवा ईमेल मागा. परमिटचे पैसे भरल्याची पावती जोडा. प्रत्येक पाकिटाचा क्रमांक वेगळा, म्हणून हरकतही वेगवेगळी.

नकार आला तर गाडीमालकाच्या नावे नोटीस येते. तिला २८ दिवसांत उत्तर द्या. त्यावर कौन्सिलने ५६ दिवसांत निर्णय दिला नाही, तर दंड रद्द. तिथेही नकार मिळाला तर ‘लंडन ट्रायब्यूनल्स’कडे २८ दिवसांत अपील करता येतं, तेही फुकट. नोटीस मात्र ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका. दंड दीडपट होतो.