विसरलेलं गणित : बियाणं, खत, वाटणी आणि व्याज



खरीप तोंडावर आला की खताच्या दुकानापुढे रांग लागते. रांगेतल्या माणसाला सहज विचारावं, "काका, तुमच्या खाचराला युरिया किती लागतो?" उत्तर ठरलेलं असतं, "दरसाल टाकतो तेवढाच." दरसाल किती आणि का, हे मात्र सांगता येत नाही. हाच माणूस कधीकाळी सातवी-आठवी पास झालेला असतो. त्रैराशिक, टक्केवारी, सरळव्याज, क्षेत्रफळ हे सगळे धडे त्याने एकदा गिरवलेले असतात. पेपर संपला, पाटी फुटली आणि धडेही गेले.

हे गणित पुन्हा शिकता येतं, आणि लहानपणापेक्षा लवकर येतं. शाळेत हौद भरणाऱ्या नळांची उदाहरणं होती. हौद कुणाचा आणि नळ कुणाचा, आपल्याला काय त्याचं! आता खाचर आपलं आहे, पोत्याचे पैसे आपल्या खिशातले आहेत.

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुक गावच्या मंडळींना तर या विषयाचं अगत्य असायला हवं. ११ सप्टेंबर १८९५ रोजी या गावात जन्मलेल्या विनोबा भाव्यांना गणिताचं भारी वेड होतं. देवाच्या खालोखाल आपल्याला गणित आवडतं, असं ते सांगत. त्यांनीच सांगितलेली घरातली एक गोष्ट आहे. त्यांच्या आईने देवाला एक लाख तांदूळ वाहायचं ठरवलं, आणि ती रोज एकेक दाणा मोजून वाहू लागली. वडिलांनी ते पाहिलं. ते म्हणाले की एवढा खटाटोप कशाला? एक तोळा तांदूळ घ्यावेत, त्यातले दाणे मोजावेत, लाखाला किती तोळे लागतील ते काढावं आणि तूट नको म्हणून थोडे वर टाकावेत. आईने मुलाला विचारलं. मुलाने आईची बाजू घेतली. दाणा मोजताना देवाचं स्मरण होतं, हा नुसता हिशेबाचा प्रश्न नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

देवापुढे आईची रीत बरोबर, यात वाद नाही. पण राबात बी टाकताना वडिलांची रीत घ्यावी. थोडं मोजायचं आणि त्यावरून पुष्कळाचा अंदाज बांधायचा. शाळेत यालाच त्रैराशिक म्हणत. एवढ्याला एवढे, तर तेवढ्याला किती? तीन आकडे माहीत असले की चौथा निघतो. १० ग्रॅम तांदळात ५०० दाणे भरले, तर लाख दाण्यांना किती? लाखाला ५०० ने भागा, २०० आले. २०० वेळा १० ग्रॅम म्हणजे २ किलो. झालं त्रैराशिक.

आता हेच बियाण्याला लावून बघू. घरच्या भाताच्या बियाण्यातून १०० दाण्यांचे दहा ढीग मोजून हजार दाणे वेगळे काढा आणि बारीक काट्यावर तोलून आणा. मध्यम दाण्याचं भात असेल तर वजन साधारण २५ ग्रॅम भरेल. जाड भात जास्त भरेल, बारीक कमी. समजा २५ ग्रॅमच भरलं. लावणी २० बाय १५ सेंटिमीटरवर करायची आहे. २० गुणिले १५ म्हणजे एका चुडाला ३०० चौरस सेंटिमीटर जागा. एका चौरस मीटरात १०,००० चौरस सेंटिमीटर असतात, तेव्हा मीटरभर जागेत ३३ चूड बसतात. गुंठा म्हणजे जवळजवळ १०० चौरस मीटर. मग गुंठ्याला ३,३०० चूड झाले. चुडाला तीन रोपं धरली तर ९,९००, सोयीसाठी १०,००० म्हणा. हजार दाण्यांना २५ ग्रॅम, तर दहा हजारांना २५० ग्रॅम. गुंठ्याला पाव किलो, ४० गुंठ्यांच्या एकराला १० किलो!

थांबा, एवढ्यावर बी टाकू नका. प्रत्येक दाणा रुजतो थोडाच? ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा आणि आठवड्याने उघडून बघा. ८० दाण्यांना चांगले मोड आले तर रुजवण ८० टक्के. आणि इथेच पुष्कळ शहाणी माणसं चुकतात. ती म्हणतात, २० टक्के कमी रुजतं ना, मग १० किलोवर २० टक्के जादा घेऊ, १२ किलो. पण १२ किलोचे ८० टक्के काढून बघा, ९ किलो ६०० ग्रॅम येतात. आपल्याला हवे होते १० किलो. कारण असं की २० टक्के तूट ही पेरलेल्या बियाण्यावर मोजायची असते, लागणाऱ्या बियाण्यावर नाही. म्हणून १० ला १०० ने गुणा आणि ८० ने भागा, साडेबारा येतात. त्यावर पाखरं, उंदीर आणि राबात मरणारी रोपं धरून एकराला १५ किलो घेतलं की आवण कमी पडणार नाही. हा हिशेब एकदा वहीत मांडला, की दुप्पट बी टाकून दाट, पिवळी, लुसलुशीत रोपं काढायची वेळ येत नाही, आणि ऐन लावणीत शेजाऱ्याकडे आवण मागायला जावं लागत नाही.

टक्के या शब्दाला घाबरू नये. टक्के म्हणजे शेकड्यात किती, एवढंच. बियाणं मिठाच्या ३ टक्के पाण्यात बुडवा असं आम्ही सांगतो, तेव्हा १०० भागांत ३ भाग मीठ, म्हणजे १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम. मूठभर मीठ हे माप नव्हे. तुमची मूठ वेगळी, वहिनींची मूठ वेगळी. (वर तरंगलेलं पोचट बी काढून टाकायचं आणि खालचं स्वच्छ पाण्याने धुवायचं, हे ध्यानात असेलच.)

खताचंही तसंच. शिफारस हेक्टरी किलोमध्ये असते, आपलं खाचर गुंठ्यांत असतं. मग माणूस म्हणतो, हेक्टर आम्हाला काय कळणार? एक सोपी खूण सांगतो. हेक्टरात १०० आर असतात, आणि गुंठा आणि आर यांत शंभरात एकाचाच फरक आहे. म्हणून हेक्टरी १०० किलो म्हणजे गुंठ्याला १ किलो. हेक्टरी ५० किलो म्हणजे गुंठ्याला अर्धा किलो. फक्त शंभराने भागायचं, म्हणजे दोन घरं मागे यायचं.

समजा तुमच्या माती परीक्षणाच्या पत्रिकेवर भाताला हेक्टरी १०० किलो नत्र लिहिलं आहे. गुंठ्याला १ किलो नत्र झालं. पण नत्र म्हणजे युरिया नव्हे. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे १०० किलो युरियात ४६ किलो. मग १ किलो नत्राला किती? १०० भागिले ४६, साधारण २ किलो १७५ ग्रॅम. १० गुंठ्यांच्या खाचराला पावणेबावीस किलो, आणि तेही एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. पोतं मोजताना आणखी एक गोष्ट. युरियाचं पोतं पूर्वी ५० किलोचं होतं, २०१८ पासून ४५ किलोचं झालं. "एकराला दोन पोती" हा जुना पाठ आता १०० किलोचा राहिला नाही, ९० चा झाला. पोत्यांत मोजणाऱ्याला हे कळत नाही, किलोत मोजणाऱ्याला कळतं. भाताला पाजळलेला काळपट हिरवा रंग आला की घरधनी खूश होतो, आणि पुढे ते भात लोळलं, करपा आला की नशिबाला बोल लावतो. पुष्कळदा त्याचं मूळ या न केलेल्या भागाकारात असतं.

खाचर किती गुंठे, हेच ठाऊक नसेल तर सगळा हिशेब हवेत. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा गुंठा. चौकोनी खाचर सोपं. पण आपल्याकडची डोंगरउताराची खाचरं कधी चौकोनी असतात? गावात रीत अशी की समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. या रीतीने तिरक्या खाचराचं क्षेत्र नेहमी जास्तच निघतं, कमी कधीच नाही. चारही बांध ६६ फूट असलेलं, पण एका अंगाला कललेलं खाचर घ्या. या रीतीने ६६ गुणिले ६६, म्हणजे बरोबर ४ गुंठे. आता खालच्या बांधापासून वरच्या बांधापर्यंत काटकोनात दोरी धरा. ती ५५ फूट भरली, तर खरं क्षेत्र ६६ गुणिले ५५ म्हणजे ३,६३० चौरस फूट, सव्वातीन गुंठ्यांच्या किंचित वर. जवळजवळ पाऊण गुंठ्याची नांगरट आणि लावणीची मजुरी फुकट गेली. अगदी वेडंवाकडं खाचर असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी लावून त्याचे त्रिकोण पाडावेत. पाया गुणिले उंची भागिले दोन. हे तर शाळेत पाठच होतं!

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. ०.४०.०० असं दिसलं तर ते ४० आर, म्हणजे जवळजवळ एक एकर. काही जण तोंडी ०.४ हेक्टर म्हणतात आणि ऐकणारा ४ आर समजतो. ०.४ आणि ०.४० एकच. ४ आर लिहायचे तर ०.०४. एका शून्याने जमीन दहापट इकडची तिकडे होते.

वाटणीत मात्र खरी गंमत, आणि खरी भांडणंही. आजोबांच्या जमिनीत वडिलांचा निम्मा हिस्सा, आणि वडिलांच्या हिश्श्यात तीन भावंडं. तुमचा वाटा किती? पाचवा म्हणणारे पुष्कळ भेटतात, कारण दोन आणि तीन मिळून पाच. अर्ध्याचा तिसरा भाग म्हणजे दोन गुणिले तीन, सहावा. ६० गुंठ्यांत १० गुंठे, १२ नव्हे. दोन गुंठ्यांपायी सख्ख्या भावाशी बोलणं टाकण्याआधी कागदावर चित्र काढून बघावं. सहाव्या हिश्श्याचं गणित विनोबांनीही देशापुढे मांडलं होतं. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत हरिजनांच्या ४० कुटुंबांनी ८० एकर मागितले, कुटुंबामागे २ एकर, आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले. पुढे विनोबांनी देशाची लागवडीची जमीन ३० कोटी एकर धरली, सहावा हिस्सा ५ कोटी एकर काढला आणि तेवढी भूमिहीनांसाठी मागितली. पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, असं ते जमीनवाल्यांना सांगत. एवढ्या मोठ्या मागणीच्या मुळाशी एक साधा भागाकार होता.

आता व्याज. इथं गणित न येण्याची किंमत सगळ्यांत जड पडते. सावकार सांगतो, "शेकडा तीन." बँकेच्या कागदावर असतं, "द.सा.द.शे. १२." तीन कमी की बारा? ऐकणाऱ्याला तीन कमी वाटतात. द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. सावकाराचे तीन हे महिन्याचे असतात. वर्षाचे झाले ३६. २०,००० रुपये सहा महिन्यांसाठी घेतले तर दरमहा शेकडा तीनने व्याज ३,६०० रुपये, आणि १२ च्या दराने १,२०० रुपये. तिप्पट फरक. म्हणून कुणीही दर सांगितला की दोनच प्रश्न विचारावेत. शेकड्याला किती, आणि किती मुदतीचे? आणि सही करण्याआधी रुपयांत आकडा काढावा. टक्क्यांत फसतो तो माणूस रुपयांत फसत नाही.

मोबाईलवर गणकयंत्र आहे, मग हे कशाला, असं तरुण मंडळी विचारतात. यंत्र गुणाकार चुकत नाही, कबूल. पण गुणायचं की भागायचं, ते यंत्र सांगत नाही. ८० टक्के रुजवणीचं उदाहरण पुन्हा बघा. १२ किलो हे चुकीचं उत्तर यंत्रही बिनचूक काढून देईल. अंदाज आधी मनात असावा, यंत्र नंतर. तसा अंदाज बांधायला जुन्या लोकांची पावकी, निमकी, सवायकी, दिडकी फार कामाची. घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर त्यांच्याकडून सवायकी-दिडकी म्हणून घ्या. त्यांनाही बरं वाटेल. आणि कधी शाळेत न गेलेली आजी पायली-शेरावर सबंध वर्षाच्या भाताचा हिशेब बसवते, तिला अडाणी म्हणण्याआधी तिची रीत समजून घ्यावी. ती त्रैराशिकच करत असते.

सुरुवात कशी करावी? मुलांची पाचवी ते सातवीची बालभारतीची पुस्तकं घरात असतात. त्यातले अपूर्णांक, टक्केवारी, क्षेत्रफळ आणि व्याज एवढेच धडे काढा. बाकीचं राहू द्या. मुलाकडे शिकायला लाज कसली? पोरगं उलट खुशीने शिकवतं, आणि शिकवताना त्याचाही धडा पक्का होतो. ज्यांना अक्षरओळखच नाही अशा १५ वर्षांवरच्या माणसांसाठी २०२२ ते २०२७ या काळाकरिता केंद्राचा उल्लास हा साक्षरतेचा कार्यक्रम आहे. त्यात वाचन-लेखनाबरोबर संख्याज्ञानही शिकवतात. गावच्या शाळेत चौकशी करावी. बायकांनी तर जरूर करावी. बचत गटाची वही बहुतेक ठिकाणी एकीच्याच हातात असते, ती चार जणींना वाचता आली पाहिजे.

एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर प्रत्येक खाचराचं नाव आणि दोरीने मोजलेले गुंठे लिहा. दुसऱ्या पानावर हजार दाण्यांचं वजन आणि रुजवण. हे काम रोहिणी निघण्याआधी उरकावं. रुजवण ६० च्या खाली आली तर दुसरं बियाणं आणायला अजून आठवडा-दोन आठवडे हातात असतात.