रक्ताच्या वाटा

घरी कोंकणी बोलताना काय किंवा वर्गात मराठी बोलताना काय, 'शीर' या एका शब्दावर आपण फार ओझे टाकले आहे. मनगटावर निळसर दिसते ती शीर, रात्री पोटरीत आखडते तीही शीर, मान अवघडली म्हणजे शिरेवर शीर चढलेली असते, आणि रागावलेल्या माणसाच्या कपाळावर तटतटते तीही शीरच. यांपैकी पहिली व शेवटची तेवढी रक्त वाहून नेते. मधल्या दोन्ही ठिकाणी दुखणे बहुधा स्नायूंचे असते. एरवी अशा गोंधळाने काही बिघडत नाही. परंतु हाताला कोयता लागला किंवा पायाला साप चावला, म्हणजे कोणत्या वाटेने रक्त कोणीकडे जाते हे ठाऊक असण्यात आणि नसण्यात पुष्कळ अंतर पडते. म्हणून ह्या वाटांची माहिती आम्ही येथे देत आहोत. तिची सुरुवात दंडाला बांधावयाच्या एका साध्या पट्टीपासून करू.

सुमारे चौदाशे वर्षे युरोपातील वैद्य गेलेन या ग्रीक पंडिताचे मत प्रमाण मानीत आले. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते शिरांतून सर्वांगास पोचते आणि पाटाचे पाणी शेतात जिरावे तसे तेथेच जिरून जाते, असे ते मत. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने त्यावर साधे अंकगणित केले. आजच्या आकड्यांत ते असे मांडता येईल: हृदय एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त पुढे ढकलते आणि मिनिटाला सुमारे 70 ठोके देते. म्हणजे अर्ध्या तासात जवळजवळ 147 लिटर! प्रौढ माणसाच्या शरीरात रक्त असते ते अवघे पाच लिटरच्या आसपास. इतके रक्त यकृताने रोज नव्याने करावयाचे तर माणसाने जेवावे तरी किती? तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे.

हे पटवून देण्यासाठी हार्वेने पट्टीचा प्रयोग केला. दंडाला पट्टी अगदी घट्ट आवळली, तेव्हा मनगटावरील नाडी थांबली आणि हात हळूहळू गार पडू लागला. मग पट्टी थोडी सैल केली. नाडी परत आली, हात लालबुंद झाला आणि पट्टीखालच्या शिरा फुगून वर आल्या. घट्ट पट्टीने खोलवरच्या व वरच्या अशा दोन्ही वाटा बंद झाल्या होत्या. मध्यम पट्टीने फक्त वरच्या. अर्थात रक्त खोलवरच्या वाटेने हातात येत होते आणि वरच्या वाटेने परत जाऊ पाहत होते. हार्वेचा छोटासा लॅटिन ग्रंथ 1628 साली फ्रँकफुर्ट येथे छापला गेला.

पट्टी बांधण्याचा खेळ तुम्ही करू नये. त्याऐवजी आजोबांचा हात मागून घ्या. मागल्या बाजूची एक ठळक शीर बोटाने दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातील रक्त कोपराच्या दिशेने सारा. सारणारे बोट उचलले तरी तेवढी शीर बहुधा रिकामीच राहते. वरचे रक्त खाली येत नाही. आता पहिले बोट उचला. शीर खालून भरून येईल. आत एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात म्हणून असे घडते. त्या झडपांचे वर्णन हार्वेचे पादुआ येथील गुरू फॅब्रिसियस यांनी 1603 साली प्रसिद्ध केले होते. परंतु त्या कशासाठी, हे कोडे शिष्याने सोडवले.

आता या वाटांची घडण पाहू. हृदयातून निघणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी किंवा धमनी म्हणतात आणि हृदयाकडे परतणाऱ्यांना नीला. 'शुद्ध रक्ताच्या' व 'अशुद्ध रक्ताच्या' वाहिन्या ही जोडी आम्हाला मुळीच पसंत नाही. हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी प्राणवायू कमी असलेले रक्त नेते, आणि फुप्फुसातून परतणाऱ्या नीला प्राणवायूने भरलेले रक्त आणतात. तेथे ही व्याख्या कोलमडते. शिवाय ते रक्त काही घाण नव्हे. ते निळेही नव्हे. ते गडद तांबडे असते, त्वचेआडून शीर निळी दिसते इतकेच.

रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात: आत एकाच पेशीच्या जाडीचे गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायूंचा व लवचीक तंतूंचा जाड थर, आणि बाहेर चिवट वेष्टन. हृदयातून निघणारी महारोहिणी सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद असते आणि तिच्यात लवचीक तंतू विपुल असतात. ते कशाला हवेत? शाळेतील हार्मोनियम आठवा. हाताने भाता मारणे थांबून थांबून चालते, पण सूर तुटत नाही, कारण आतला भाता फुगून हवा साठवतो आणि ती सावकाश सोडतो. हृदयही थांबून थांबून रक्त ढकलते. ठोक्यासरशी महारोहिणी फुगते, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आपल्या लवचीकपणाने आक्रसून रक्त पुढे रेटते. वयाबरोबर, तसेच तंबाखूने आणि वाढत्या रक्तदाबाने, हा आतला भाता ताठर होत जातो.

पुढे रोहिणीला फाटे फुटत जातात. बारीक रोहिणींच्या भिंतीत स्नायूंचे प्रमाण मोठे असते. हे स्नायू नळाच्या चावीप्रमाणे वाट अरुंद वा रुंद करतात, आणि या चावीची किमया अशी की, नळीची रुंदी निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह निम्मा न होता सोळावा हिस्सा उरतो. म्हणूनच जेवणानंतर आतड्यांकडे आणि धावताना मांड्यांकडे रक्त वळवणे शरीराला जमते.

शेवटी येतात केशवाहिन्या. त्यांची भिंत म्हणजे ते एका पेशीचे अस्तर, दुसरे काही नाही. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे माप धरले तर त्या पाच ते दहा भाग रुंद असतात, आणि तांबडी पेशी सात-आठ भाग. त्यामुळे कित्येक ठिकाणी पेशींना एकामागून एक, अंग दुमडून जावे लागते. येथे रक्ताची गती सेकंदाला एक मिलिमीटरहूनही कमी असते. अशा निवांतपणातच प्राणवायू व अन्नरस बाहेर पडतो आणि टाकाऊ द्रव्य आत येते. हार्वेला हा दुवा दिसला नाही. तो 1657 साली वारला; 1661 साली माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्याचे प्रसिद्ध केले.

नीलांची भिंत पातळ, आतला दाब अल्प. पण शरीरातील सुमारे दोनतृतीयांश रक्त कोणत्याही क्षणी त्यांच्यातच असते. पायातील रक्त वर चढवण्यास पोटऱ्या मदत करतात. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की नीला पिळली जाते, आणि झडपांमुळे रक्त वरच जाते. ध्वजवंदनाच्या वेळी उन्हात ताठ उभा असलेला एखादा मुलगा भोवळ येऊन पडतो, त्याचे एक मोठे कारण हेच. पोटऱ्या स्वस्थ असतात, रक्त पायांत साचते आणि मेंदूला कमी पडते. अशा वेळी चार जण मिळून त्याला पुन्हा उभे करू पाहतात. तसे करू नये. त्याला आडवेच ठेवून पाय थोडे उंच करावे. रांगेत उभे असताना बुटातल्या बुटात बोटे हलवीत आणि पोटऱ्या आवळीत राहावे. कवायतीच्या शिक्षकांना ते दिसत नाही.

कोयता लागल्यावर रक्त ठोक्यागणिक उसळत असेल तर रोहिणी तुटली आहे, संथ वाहत असेल तर नीला, असे स्थूलमानाने समजावे. दोन्ही प्रसंगी स्वच्छ फडके जखमेवर ठेवून जोराने दाबून धरावे आणि थांबले का हे पाहण्यासाठी ते सारखे उचलू नये. मदत येईपर्यंत दाब सोडावयाचा नाही.

सापाच्या बाबतीत मात्र आपल्याकडील जुनी समजूत घातक आहे. दंश होताच सुंभाने किंवा रुमालाने पाय करकचून आवळतात. तो बंध म्हणजे हार्वेची घट्ट पट्टीच. तिच्याखालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने आधीच होरपळलेला तो भाग मरू लागतो आणि पाय गमावण्याची पाळी येते. कित्येकदा बंध सोडताच साचलेले विष एकदम पसरते. म्हणून आवळू नये, कापू नये, चोखू नये. अंगठी, पैंजण काढून घ्यावे, पाय हलू न देता माणसाला उचलून प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. कोणी आधीच बंध बांधला असेल तर तो डॉक्टरांनीच सोडावा.

पट्टीचा सदुपयोग पाहावयाचा तर रक्तदाब मोजताना पाहावा. रिवा-रोच्ची या इटालियन वैद्याने 1896 साली दंडाभोवती हवेची पट्टी आणि तिला पाऱ्याची नळी जोडली. कोरोत्कोव्ह या रशियन शस्त्रवैद्याने 1905 साली पट्टीखाली कान दिला. पट्टी फुगवून रोहिणी बंद करतात, तेव्हा शांतता असते. हवा सोडत गेले म्हणजे ज्या दाबाला रक्त प्रथम धडक मारून निसटते, तेथे ठोका ऐकू येतो. तो वरचा आकडा. रोहिणी पूर्ण मोकळी होऊन आवाज मावळतो, तो खालचा. वाढलेला दाब बहुधा दुखत नाही की खुपत नाही, त्यामुळे मोजल्यावाचून तो कळत नाही. घरातील वडीलधाऱ्यांचा दाब घेताना त्यांना आधी पाच मिनिटे स्वस्थ बसू द्यावे आणि हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा सातआठने उगीच वाढतो.