मूल कोणाकडे राहणार?

"जायचं तर जा, पण पोरं इथंच राहतील." हे ऐकून कितीतरी जणी उंबऱ्यातच थबकतात. आपल्याला कमाई नाही, मग कोर्ट मूल कसं देईल, ही भीती असते. म्हणून आज कोर्ट काय पाहतं, ते समजून घेऊ.

मुलाच्या ताब्याचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात करतात. ते नसेल तिथं जिल्हा न्यायालयात. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांच्या आतलं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं. पण धर्म कोणताही असो, वय कितीही असो, खरी कसोटी एकच: मुलाचं हित कशात आहे? त्याला रोज कोण सांभाळतं, शाळा कुठं आहे, घरात मारहाण होते का, हे न्यायाधीश पाहतात. मूल जाणतं असेल तर त्याचं मनही विचारात घेतात. नुसत्या पगारावर निकाल होत नाही. मूल आईकडे राहिलं तरी वडिलांनी खर्च द्यावा, असा आदेश होऊ शकतो.

निकाल लागेपर्यंत तात्पुरता ताबा मागता येतो. घरात हिंसा असेल तर २००५ च्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटही तो देऊ शकतात. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मुलाच्या शाळेचे, लसीकरणाचे कागद जपून ठेवा.

ताबा एकाकडे गेला, तरी दुसऱ्याला सहसा भेटीचा हक्क मिळतो. अडचण इथंच येते. तारखा लांबतात, आणि दूर राहिलेलं मूल परकं होतं. २०१५ साली विधी आयोगाने सुचवलं, की योग्य असेल तिथं ताबा दोघांकडे असावा, मध्यस्थीवर भर द्यावा आणि आईलाही वडिलांच्या बरोबरीचं पालक मानावं. याबरोबरच तात्पुरत्या ताब्याचे अर्ज लवकर निकाली निघावेत, आणि भेटीसाठी कोर्टाच्या गर्दीऐवजी खेळणी असलेली शांत खोली मिळावी, असं मला वाटतं. मात्र जिथं मारहाण आहे, तिथं आधी आई-मुलाची सुरक्षितता, मग दोघांकडे ताबा.

आणि एक, मैत्रिणींनो. भांडण नवरा-बायकोचं असतं. मुलाला दोघंही हवे असतात. मुलाच्या हातून निरोप पाठवू नका, त्याच्यासमोर वडिलांची उणीदुणी काढू नका. पण कोणी पोरांची धमकी दिली, तर घाबरून गप्पही बसू नका. मूल कोणाकडे राहील, हे धमकी देणारा ठरवत नाही.