मणक्याची गादी आणि सहा आठवडे

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात कंबरेतून पोटरीपर्यंत कळ उतरू लागली की उपचारांचा एक क्रम जणू ठरलेलाच असतो. आधी बाम, केमिस्टकडची गोळी आणि कंबरपट्टा. मग कोणीतरी सुचवलेला मालिशवाला, आणि घरात जुनी माणसे असतील तर उसण काढायला एखादा पायाळू. तेवढ्याने भागले नाही की एमआरआय. पुष्कळदा डॉक्टरांनी पाय उचलून पाहण्याआधीच फिल्मची भलीमोठी पिशवी हातात आलेली असते आणि ‘गादी सरकली’, ‘नस दबली’, ‘मणक्यात गॅप आहे’ यांपैकी एक निकाल घरापुरता लागून गेलेला असतो. हा क्रम उलटा आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. तो उलटा पडण्यामागे अज्ञान आहेच, पण त्याहून अधिक रजेचे गणित आहे. या दुखण्यावरचा सर्वांत खात्रीचा उपचार म्हणजे काही आठवड्यांचा अवधी, आणि या पट्ट्यातल्या माणसाजवळ नेमकी तीच गोष्ट नसते.

दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट तंतूंचे कडे असते आणि आत मऊ गर असतो. कडे फाटले की गर मागच्या बाजूला येतो आणि तिथून पायाकडे जाणाऱ्या नसेच्या मुळाला जाऊन भिडतो. कंबरेतल्या अशा बहुतेक फाटी सर्वांत खालच्या दोन गाद्यांमध्ये, म्हणजे एल-४ एल-५ आणि एल-५ एस-१ या पातळ्यांवर होतात. सायटिका, म्हणजे पायात उतरणारी ही कळ, आणि फाटलेली गादी यांचे नाते वैद्यकाने पक्के मानले ते १९३४ साली, बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांच्या लेखानंतर. त्याआधी शस्त्रक्रियेत सापडणारे हे गोळे कूर्चेच्या गाठी समजले जात. या शोधातून निघालेला तर्क सरळ होता: काहीतरी बाहेर आले आहे, ते काढून टाका. पुढची कित्येक दशके हा तर्क चालला. पण नसेला नुसता दाब त्रास देत नाही. बाहेर पडलेल्या गरातल्या रसायनांनी तिथे दाह होतो आणि कळ मोठ्या प्रमाणात त्या दाहाची असते. म्हणूनच मोठा गोळा असलेला एखादा माणूस मजेत हिंडतो आणि लहानशा फाटीने दुसरा माणूस रात्रभर तळमळतो.

एमआरआयच्या चित्राला हे कळत नाही. अमेरिकेत १९९४ साली कंबरेची कसलीही तक्रार नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक, ५२ टक्के लोकांत निदान एक तरी गादी फुगलेली निघाली आणि २७ टक्के लोकांत ती बाहेर डोकावत होती. सगळ्या गाद्या ठाकठीक असलेले फक्त ३६ टक्के होते. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतल्या तीन हजारांहून अधिक दुखणेविरहित माणसांचा हिशेब एकत्र मांडला गेला. विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती, पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांची, आणि ऐंशीच्या घरात ते प्रमाण ८४ टक्क्यांवर गेले. चाळिशी लागली म्हणून डोळा कापायला कोणी जात नाही. फुगलेल्या गादीची कथा पुष्कळदा तेवढीच असते. डोंबिवलीच्या फलाटावर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या, काहीही न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांना मशीनमध्ये घातले, तरी त्यांतल्या पुष्कळांच्या अहवालात घाबरवणारे शब्द सापडतील. आणि ते वाचल्यावर त्यांतल्या काहींची कंबर दुखू लागली, तर त्यात नवल नाही.

मग निदान करायचे कुठून? पायावरून. एल-५ ची नस दाबली गेली तर कळ मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलाच्या वरच्या भागावर उतरते आणि अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते. एस-१ ची दाबली गेली तर कळ मागून टाचेकडे आणि करंगळीकडे जाते, चवड्यावर उभे राहणे जड जाते, घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारली तर पाऊल उडत नाही. रुग्णाला उताणे झोपवून गुडघा न वाकवता पाय हळूहळू उचलला आणि निम्म्या वाटेवरच कळ गुडघ्याखाली धावली, तर संशय बळावतो. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर तो बराच पक्का होतो. या तपासणीला दहा मिनिटे लागतात, एक हातोडी आणि एक टाचणी पुरते. नुसती कंबर दुखते आणि पायात काहीच नाही, अशा माणसाच्या दुखण्याचा दोष चित्रातल्या गादीवर टाकणे तर फारच धाडसाचे. पायाची गोष्ट आणि चित्रातली पातळी जुळली तरच चित्राला अर्थ येतो. एमआरआय हा दुजोरा देणारा साक्षीदार आहे, फिर्यादी नव्हे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: चित्र काढायला उशीर केला आणि काही गंभीर सुटले तर? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तरही स्पष्ट आहे. लघवी अडणे किंवा तिच्यावर ताबा न राहणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल दिवसेंदिवस लुळे पडत जाणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी एमआरआय आणि बहुधा तातडीची शस्त्रक्रिया. तिथे तासांचा हिशेब असतो. चित्राआधी साधारण सहा आठवडे थांबायला सांगणाऱ्या पाश्चात्त्य मार्गदर्शिका आपल्याकडे जशाच्या तशा उचलताना एक भर मात्र घालावीच लागते. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही दिसतो. संध्याकाळी येणारी कसर, घटते वजन, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर सहा आठवडे थांबायचे नसते. आधी कर्करोग होऊन गेला असेल, तरीही नाही. पण या यादीतले काहीच नसताना पहिल्या आठवड्यात काढलेल्या चित्राने उपचार सहसा बदलत नाही. बदलते ती रुग्णाची झोप आणि खिशातले काही हजार रुपये.

थांबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, हा गैरसमजही काढायला हवा. बाहेर आलेला गर शरीराला परका वाटतो; पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात आणि तो खाऊन टाकतात. २०१५ च्याच दुसऱ्या एका आढाव्यात तुटून सुटे पडलेले तुकडे ९६ टक्के वेळा आपोआप लहान झालेले दिसले. कडे फोडून बाहेर आलेला गर ७० टक्के वेळा आक्रसला, आणि नुसती फुगलेली गादी मात्र अवघ्या १३ टक्के वेळा. म्हणजे अहवालात जो शब्द सर्वांत भयंकर वाटतो, त्यालाच आपोआप जिरण्याची शक्यता सर्वांत जास्त. शस्त्रक्रियेशी तुलना नॉर्वेच्या वेबर यांनी १९८३ मध्ये मांडली: वर्षाअखेरीस शस्त्रक्रियेचा गट पुढे होता, चार वर्षांनी फरक विरत गेला आणि दहा वर्षांनी उरलाच नाही. नेदरलँड्समधल्या २००७ च्या अभ्यासात सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट केले. एकाला लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला आधी थांबणे आणि गरज पडलीच तर शस्त्रक्रिया. दुसऱ्या गटातल्या ३९ टक्के लोकांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली, उरलेल्यांना नाही. वर्षानंतर दोन्ही गटांतले ९५ टक्के रुग्ण स्वतःला बरे म्हणत होते. पहिल्या गटाला मिळाला तो वेग: कळ लवकर थांबली.

या काळात काय करावे, याबद्दल बाजारात जितकी खात्री आहे तितका पुरावा नाही. अंथरुणात पडून राहण्याचा फायदा होत नाही, हे १९९९ मध्येच दिसले. सायटिकासाठी सर्रास लिहिली जाणारी प्रीगॅबलिन २०१७ च्या चाचणीत खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. चक्कर मात्र तिने जास्त आणली. मणक्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे सुसह्य करते. वजन लावून ओढण्याच्या ट्रॅक्शनचा पुरावा तर फारच लंगडा आहे. जमेल तितके चालणे, हलते राहणे, नंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम, आणि फार दुखेल तेव्हा साधे वेदनाशामक, एवढेच उरते. आयुर्वेदाने गृध्रसी या नावाने हे दुखणे चरकाच्या काळापासून ओळखले आहे आणि कटिबस्तीने पुष्कळांना आराम वाटतोही. पण जो आजार बहुतेकांत आपणहून ओसरतो, त्यात सहाव्या आठवड्यात जो समोर असेल तो श्रेय घेऊन जातो. पायाळूची लाथही मग गुणकारी ठरते.

दुसरा आक्षेप इथल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा: परदेशातले आकडे इथे कसे लागू पडतील, इथे तर लोकल आणि खड्ड्यांनीच कंबर मोडते. पटण्यासारखे वाटते, पण गादीची झीज मुख्यतः अनुवंशाने ठरते, असे फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासांनी दाखवले आहे. एक भाऊ आयुष्यभर वाहन चालवणारा आणि दुसरा नाही, अशा एकसारख्या जुळ्यांच्या ४५ जोड्या २००२ मध्ये तपासल्या गेल्या. गाद्यांच्या झिजेत फरक सापडला नाही. म्हणजे घोडबंदर रोड किंवा कल्याण-शीळ रस्ता निर्दोष आहे असे नव्हे. आधीच सुजलेल्या नसेला रिक्षातला प्रत्येक हादरा असह्य होतो. कल्याणहून सीएसएमटीपर्यंतचे पन्नासहून अधिक किलोमीटर गर्दीत एका पायावर किंवा चौथ्या सीटवर अर्धे टेकून काढणे म्हणजे दुखणे जागते ठेवणे. गाडी गादी फाडत नसेल, पण बरे व्हायला लागणारा अवधी ती हिसकावून घेते.

तिसरा आणि सर्वांत खरा आक्षेप इथेच आहे. वर्षाअखेरीस सगळे सारखेच होतात, हे वाक्य पगारी रजा असलेल्या देशात लिहिले गेले. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि राज्य कामगार विम्यात नाव असलेल्या वागळे इस्टेटमधल्या किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकते. हा हक्क पुष्कळांना माहीतच नसतो. रिक्षाचालक, फेरीवाला, घरकाम करणारी बाई यांना तेही नाही. त्यांच्यासाठी सहा आठवडे म्हणजे सहा आठवड्यांची उपासमार. कोणी लवकर शस्त्रक्रिया निवडली तर तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र आपण वेग विकत घेत आहोत, वर्षानंतरचे आरोग्य नव्हे, हे त्याला सही करण्याआधी कळलेले असावे. उलट, थांबण्यालाही मर्यादा आहे. कॅनडातल्या २०२० च्या चाचणीत चार महिन्यांहून अधिक काळ सायटिका टिकलेल्या रुग्णांना सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रियेनेच स्पष्ट जास्त आराम मिळाला. सहा आठवडे धीर धरावा. सहा महिने कण्हत काढणे हा धीर नाही.

शस्त्रक्रिया ठरलीच तर साध्या फाटलेल्या गादीसाठी सूक्ष्मदर्शकाखाली छोट्या छेदातून तुकडा काढणे पुरते. ही पद्धत १९७७ पासून रुळली आहे. पहिल्याच वेळी स्क्रू आणि सळ्या बसवण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या शल्यविशारदाचे मत जरूर घ्यावे. शस्त्रक्रिया पायाची कळ घालवते, कंबरेच्या जुन्या दुखण्याची हमी देत नाही, आणि काहींची गादी पुन्हा फाटते, हेही आधीच विचारून ठेवावे. खासगी खर्च झेपत नसेल तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, मुंबईत सायन आणि केईएम आहेत; महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांनी सायटिकाच्या रुग्णाला दीड महिना घरून काम किंवा गर्दी टाळून येण्याची वेळ दिली, तर तो कुठल्याही गोळीपेक्षा मोठा उपचार ठरेल. त्यासाठी डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर ते लिहून द्यायला सुरुवात करावी.

आणि फिल्मची पिशवी घेऊन आत गेलात, तर ती उघडण्याआधी डॉक्टरांना एवढेच सांगा: आधी माझा पाय तपासा, आणि मग सांगा, या चित्रातली गादी माझ्या कळीशी जुळते का?